बिनघराचा उंबरा

आमचं पावणे गावातलं घर पडायला आलेलं नव्हतं. हे मी आधीच सांगून टाकते, कारण आज आमच्या भावकीत कुणालाही विचारा, "जुनं झालेलं, कधी अंगावर आलं असतं सांगता येत नव्हतं" असं बिनदिक्कत ठोकून देतात. साफ खोटं. कौलं दरवर्षी पावसाआधी शाकारलेली असायची, आढं सागाचं होतं, आणि भिंती इतक्या जाड की भर वैशाखात मागच्या खोलीत दुपारचं झोपलं तर पांघरूण ओढावंसं वाटायचं. पुढे ओटी, मग माजघर, उजव्या अंगाला चूल, आणि सगळ्यात मागे, विहिरीकडे दार असलेली कमळाआत्याची खोली. घर पाडायचं की ठेवायचं हे भांडण दोन वर्षं चाललं, पण खरं सांगायचं तर ते घराचं भांडण नव्हतंच. ते त्या मागच्या खोलीचं भांडण होतं.

कमळाआत्या ही माझ्या बाबांची बहीण. आप्पा सगळ्यांत मोठा, मग आत्या, मग बाबा. आत्याला उरणकडे दिली होती. नवऱ्यानं वर्षाच्या आत दुसरी आणून घरात बसवली आणि हिला बोचकं बांधून माघारी पाठवली. तेव्हा माझे आजोबा जिवंत होते. त्यांनी मागची खोली झाडून घेतली, चूल घालून दिली आणि पंचांसमोर सांगितलं, ही खोली कमळीची, ती मरेपर्यंत. पंच मान हलवून चहा पिऊन गेले. कागद कुणी केला नाही, कारण तेव्हा गावात बापाच्या शब्दावर कागद मागणं म्हणजे बापाच्या तोंडावर थुंकण्यासारखं होतं.

मी तिच्याच खोलीत वाढले. आई सकाळपासून घरकामात आणि बाबा पावण्याच्याच एका केमिकल कंपनीत शिफ्टला, त्यामुळे माझी वेणी, माझं जेवण, माझा ताप सगळं आत्याकडे. सकाळी कंपनीचा भोंगा वाजायचा, त्या पाठोपाठ तो आंबूस वास खाडीवरून घरात शिरायचा, आणि आत्या त्या वासाला रोज न चुकता एक शिवी हासडायची. मग विहिरीवर बसून राखेत घोळवून निवट्या, म्हणजे खाडीच्या चिखलातले मासे, साफ करायची. निवट्या हाताला बुळबुळीत लागतात, जिवंत असताना तर उड्या मारतात, आणि ती त्यांना दटावायची, "गप रं, तुजंच कालवन व्हनार हाय." तांदळाची गरम भाकरी आणि त्या कालवणाचा आंबट-तिखट रस्सा. आता माझी सून मला ऑनलाइन पापलेट मागवून देते, प्लॅस्टिकच्या डब्यात, कापून, धुऊन. खाते मी, उगाच नखरे करत नाही. पण त्याला चव नाही ती नाहीच.

आणि काम करता करता ती धवले म्हणायची. आत्या आमच्या गावची धवलारीण होती. आम्हा आगऱ्यांच्या लग्नात भटजी असो नसो, धवलारणीवाचून हळद चढत नाही आणि सून घरात येत नाही. ती पुढे म्हणते, मागच्या बायका तिची ओळ जशीच्या तशी उचलतात, आणि अशा ओळीमागून ओळींनी लग्न पार पडतं. धवला म्हणायला बाई सवाष्ण लागते असं आमच्याकडे मानायचे. आत्याच्या नवऱ्यानं तिला टाकली, पण तो मेला नव्हता, म्हणून हिचं कुंकू शाबूत, म्हणून हिचा मान शाबूत. "त्या मेल्याचा एवढाच उपेग झाला मना," असं ती हसत सांगायची. लग्नाच्या आधी एक धवला असतो, त्यात घरातल्या मेलेल्यांना नावं घेऊन मांडवात बोलावतात. तो झाला की दुसरा, त्यात जित्या मानकऱ्यांची नावं. मेलेले आधी, जिते नंतर. हे मला शाळेतल्या पाढ्यांआधी पाठ झालं होतं.

आता आप्पाची बाजूही सांगते, नाहीतर म्हणाल म्हातारी एकतर्फी बोलते. जमिनी कारखान्यांत आणि नव्या शहरात गेल्या होत्या. आप्पाला शेती सोडून काही येत नव्हतं आणि शेत राहिलं नव्हतं. गावातल्या बाकीच्यांनी जुनी घरं पाडून चार-चार मजले चढवले, कंपन्यांतल्या कामगारांना खोल्या भाड्यानं दिल्या आणि गळ्यात सोन्याच्या साखळ्या घालून फिरायला लागले. आप्पाला ते सहन होत नव्हतं. माझी आईही त्याच्याच बाजूची. तिला घरात नळ हवा होता, टाइल्सचं बाथरूम हवं होतं, पहाटे बादली घेऊन विहिरीवर जायचा तिला कंटाळा आला होता. आणि मी? मी बारावीला होते, मलाही टाइल्स हव्या होत्या. कुणाला नको असतात?

एका रविवारी आप्पानं ओटीवर नकाशा पसरला. खाली गाळे, वर खोल्या, सगळ्यात वर घरची माणसं. बाबा शेजारी बसून मान हलवत होते. माझे बाबा आयुष्यभर मान हलवत राहिले, पंचांसारखेच. आत्या भाकरीच्या पिठानं भरलेले हात घेऊन दारात आली.

"यान माजी खोली कोनची?" तिनं विचारलं.

"अगं बघू ना. घर आपलंच हाय," आप्पा म्हणाला.

"आपलं हाय तं दाव. बोट ठेव कागदावर."

"कमले, उगाच फाटे फोरू नको. तू काय रस्त्यावर रानार हायेस का?"

"बोट ठेव," आत्या म्हणाली.

आप्पानं बोट ठेवलं नाही, नकाशाची गुंडाळी केली. आत्यानं त्याच पिठाच्या हातांनी आत जाऊन भाकऱ्या थापल्या. आम्ही सगळ्यांनी त्या खाल्ल्या.

त्यानंतर आप्पानं काय काय केलं ते आठवलं तरी अजून माझं टाळकं फिरतं. आधी तिच्या खोलीची वीज गेली, आप्पा म्हणाला वायर उंदरानं खाल्ली. मग तिच्या दाराबाहेर रेती टाकली, विहिरीकडची वाट बंद. मग कौलं उतरवायला माणसं आणली, तर आत्या आतून कडी लावून बसली आणि वरून कौल निघालं की खालून ओरडायची, "फेका, माज्या डोक्यावर फेका, पुन्य लागंल." माणसं घाबरून शिडी घेऊन पळाली. ते उतरवलेलं कौल तिनं स्वतः वर चढून बसवलं. गावातल्या बायका तिला आप्पाच्या भीतीनं उघड काही बोलत नव्हत्या, पण विहिरीवर भेटल्या की एखादी हळूच तिच्या टोपलीत कालवणाला चार चिंबोऱ्या टाकून जायची. आत्यानं खोली सोडली नाही. बाजाराला जायचं तर मला दारात बसवून जायची. आप्पाला कळून चुकलं की ही बाई असेपर्यंत घर पडत नाही, आणि ही बाई घराबाहेर पडत नाही.

खोली मोकळी सोडून पडायची ती फक्त एका कामासाठी. धवले म्हणायला.

आप्पाच्या मुलाचं, नरेशदादाचं लग्न ठरलं. मुलगी उरणच्या पलीकडच्या गावची, सुषमा नावाची. नवऱ्याकडची धवलारीण वऱ्हाडाबरोबर जाते, मुलीच्या गावी मुक्काम करते आणि सुनेला घेऊनच परत येते, असा आमच्यात रिवाज. आप्पा स्वतः आत्याच्या दारात आला. पहिल्यांदाच, रेतीवरून चढून. हातात हिरवं लुगडं.

"भांडन आपल्या जागी. माज्या पोराचं लगीन तुज्याशिवाय कोन लावनार?" असं तो म्हणाला, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मी पाहिलं. ते पाणी खरं होतं की कसं, हा प्रश्न मला आजही पडतो आणि उत्तर काहीही असलं तरी मला त्याचा रागच येतो.

आत्या विरघळली. माणूस किती दिवस कडी लावून बसेल? तिनं लुगडं घेतलं, नव्या दमानं गळा साफ केला, घसा बसू नये म्हणून आल्याचे तुकडे चघळायला लागली. हळदीच्या दिवशी अंगणात मोठा मांडव पडला. मटणाची डेग, तेलातून फुगून येणारे वडे, बेंजोवाल्यांचा कानठळ्या बसवणारा आवाज, आणि त्या सगळ्यावर आत्याचा चढा आवाज. बायका तिच्या ओळी उचलत होत्या आणि नरेशदादा पिवळाधमक होऊन बसला होता. मला एवढंच खटकलं की हळदीच्या आदल्या दिवसापासून आमचा टीव्ही, आप्पाचं कपाट, तांब्याची मोठी भांडी सगळं शेजारच्या घरी चाललं होतं. "पावण्यांना जागा नको?" आई म्हणाली. आत्याच्या खोलीतलं मात्र काही हललं नाही. आणि निघायच्या वेळी आईला ताप आला. मी कपाळाला हात लावून पाहिला, गार होतं.

लग्न छान लागलं. आत्यानं मुलीकडच्या धवलारणीला गाण्यातल्या टोमण्यांत असं काही गाठलं की समोरच्या बायका हसून हसून लोळल्या. दुसऱ्या दिवशी जेवून आम्ही सुनेला घेऊन निघालो. टेम्पोत आत्या सुषमावैनीच्या शेजारी बसली होती. वैनी रडत होती आणि आत्या तिला सांगत होती, "अगं, घर मोठं हाय. हवा लय येते. माज्या खोलीन येत जा दुपारची, थंड असते."

पावण्यात शिरलो तेव्हा ऊन चांगलं तापलेलं होतं. टेम्पो थांबला, बेंजो सुरू झाला, बायका उतरल्या. मांडव जागेवर होता. झालर, पताका, खुर्च्या सगळं जागेवर. मांडवाच्या मागे आकाश होतं.

घर नव्हतं. लाल मातीचा आणि विटांचा ढीग होता, त्याच्या बाजूला जेसीबी उभा होता आणि त्याचा ड्रायव्हर मांडवातल्याच खुर्चीवर बसून आमचेच वडे खात होता. कौलं मोडून पसरली होती. आढ्याचा साग आधीच कुणी उचलून नेला होता. आई शेजारच्या ओटीवर उभी होती, तिनं माझ्याकडे पाहिलं आणि पदर डोक्यावर घेतला.

पण खरी कमाल पुढे आहे. सून घरात घ्यायची म्हणजे उंबऱ्यावर माप ठेवायचं, तिनं ते पायानं लवंडून आत यायचं. आप्पानं त्याचाही विचार केला होता. घराची पुढची चौकट त्यानं सांभाळून काढून घेतली होती, आणि मांडवात ती दोन मजुरांना उभी धरायला लावली होती. एक इकडून, एक तिकडून. मध्ये उंबरा, उंबऱ्यावर तांदळाचं माप, वर आंब्याचं तोरण. अलीकडे मांडव, पलीकडेही मांडवच. दोघा मजुरांपैकी एक घामाघूम झाला होता आणि सारखा हात बदलत होता, त्यामुळे चौकट डुलत होती.

"आन पोरीला. उंबऱ्याशी मतलब," आप्पा म्हणाला.

सुषमावैनी चौकटीसमोर उभी राहिली. तिच्याकडची माणसं कुजबुजायला लागली. आत्या ढिगाऱ्याकडे बघत होती. मी तिचा हात धरला, तर तिनं तो सोडवून घेतला.

"माजं सामान?" तिनं विचारलं.

"मांडवाच्या मागं काढून ठेवलंय. एक चमचा हरवला नाय," आप्पा म्हणाला. मी धावत जाऊन पाहिलं. गोणपाटावर तिची दोन पातेली, लुगड्यांचं बोचकं, सुक्या बोंबलांचा डबा. लोणच्याची बरणी फुटून तेल मातीत गेलं होतं आणि त्यावर मुंग्या लागल्या होत्या. एवढंच होतं तिचं जगातलं.

"कमले, म्हन ना आता. पोर उनान उभी हाय," आप्पा म्हणाला. आत्यानं धवला धरला नाही. इथेच गाडं अडलं, कारण सगळा बेत आखताना आप्पा एक गोष्ट विसरला होता. चौकट त्यानं राखली होती, पण सून आत घ्यायला धवला लागतो आणि तो म्हणणारी बाई त्यानंच बेघर केली होती. दुसऱ्या गावची धवलारीण दुसरीनं हाती घेतलेल्या लग्नात तोंड उघडत नाही. पाच मिनिटांपूर्वी जो हुशारीनं मिशीवर हात फिरवत होता, तो आता घाम पुसत होता. "कमले, पाया परतो तुज्या," असंही म्हणाला. पाया मात्र पडला नाही.

आत्यानं पदर खोचला आणि चौकटीच्या बाजूला जाऊन उभी राहिली. बायका सवयीनं तिच्या मागे गोळा झाल्या. मीही. तिनं गळा साफ केला आणि सुरू केलं. पण सुनेचा धवला नाही. तिनं मेलेल्यांचा धवला धरला.

"या हो पदू आजा, मांडवान बसा," ती म्हणाली, आणि बायकांनी ओळ उचलली. पदू माझे पणजोबा.

"या हो धर्मा बाबा, मांडवान बसा." बायकांनी उचलली.

"या हो गोमी आये, मांडवान बसा." तीही उचलली.

"या हो बालाराम दादा, मांडवान बसा."

बाळाराम म्हणजे आप्पा. बायकांची जन्माची सवय, धवलारीण म्हणेल ते म्हणायचं. त्या सगळ्या मिळून, एका सुरात, चढ्या आवाजात म्हणाल्या, "या हो बालाराम दादा, मांडवान बसा." म्हणून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं. कुणी तोंडावर हात ठेवला, कुणी मटकन खाली बसली. मला आधीच कळलं होतं आणि मी मुद्दाम सगळ्यांत मोठ्यानं म्हटलं. आज विचाराल तर आजही म्हणेन.

"ए! मी जिता हाय!" आप्पा किंचाळला.

आत्या वळली. "जिता हायेस? मंग माजी खोली दाव."

आप्पानं खरोखरच मागे वळून पाहिलं. दाखवायला काही नव्हतं. तेवढ्यात चौकट धरणाऱ्या मजुराच्या हातातून ती सुटली. उंबरा आपटला, माप आपोआप लवंडलं, तांदूळ मातीत पसरले. सुषमावैनीचा पाय लागलाच नाही. आत्यानं सुनेचा धवला म्हटलाच नाही, आणि वैनी तांदळाला वळसा घालून आली, कशात आली कोण जाणे, पण आली.

ह्या सगळ्याचं खापर कुणावर फुटलं असेल? सुषमावैनीवर. घर गेलं, सासऱ्याचं नाव मेलेल्यांत गेलं, म्हणजे पोरीचा पायगुण वाईट, असं गावानं ठरवून टाकलं. पुढे कुणाच्या हळदीला तिला ताटाला हात लावू देत नसत. तिनं एकदा माझ्यासमोर आत्याला विचारलं, "आते, माजं काय चुकलेलं गो?" आत्या सुपातले खडे निवडत राहिली. बाईचा राग खरा होता, पण त्या रागाच्या झळीत ही पोरगी होरपळली आणि आत्यानं तिच्याकडे कधी मान वर करून पाहिलं नाही. माझी आत्या मला जिवापाड प्रिय होती, तरी हे मी तिला माफ केलेलं नाही.

चार मजली इमारत उभी राहिली. आप्पानं तिला आजीचं नाव दिलं, "गोमाई छाया". आत्याला खोली मिळाली नाही. जिन्याखाली पाण्याच्या पंपाशेजारी एक जागा होती, तिथे तिनं खाट टाकली. पंप सुरू झाला की सगळी खाट थरथरायची. पंपाच्या आवाजात ती मला धवले शिकवायची, एका ओळीमागून एक, आणि पितरांच्या यादीत आप्पाचं नाव कधी गाळायची नाही. ती तिथेच गेली. मग मी म्हणायला लागले, बेलापूरच्या ऑफिसातून रजा काढून.

आता तीच इमारत पाडायची आहे. स्लॅब गळतो, गज दिसतात, आणि नरेशदादाचा पोरगा टॉवरची स्वप्नं घेऊन आला. बाबांचा वाटा आता माझ्या नावावर, म्हणून सही माझीही लागते. मोबाइलवर मला रंगीत चित्र दाखवत होता, सोफा, कुंडी, गोरी बाई. मी म्हटलं, "बाळा, माझी खोली कोणती, तिच्यावर बोट ठेव." तो म्हणाला, "आत्या, टेन्शन नको, ते नंतर फायनल होईल." तिसऱ्या मजल्यावरून सुषमावैनी हे ऐकत होती. ती म्हणाली, "सही करू नको गो." आयुष्यात पहिल्यांदा तिनं कुणाला काही करू नको म्हणून सांगितलं असेल. मी सही केलेली नाही.

आणि आप्पा. धवल्यात पितरांचं एकदा घेतलेलं नाव पुन्हा गाळायचं नसतं, पितर कोपतात, ही समजूत गावात पक्की. त्यामुळे भावकीतल्या प्रत्येक लग्नात ते घेतलं गेलं, आधी आत्यानं, मग मी. पहिली काही वर्षं आप्पा आरडाओरडा करायचा, एकदा त्यानं माझ्या अंगावर खुर्ची फेकली. नंतर तो पितरांच्या धवल्याला उठून रस्त्यापलीकडे पानाच्या टपरीवर जाऊन उभा राहायचा, पण लाउडस्पीकर तिथपर्यंत ऐकू यायचा. शेवटी गुडघे गेले, उठणं जमेना. मग झकपक सदरा घालून, गळ्यात साखळी घालून, पहिल्या रांगेत प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून तो ऐकायचा, चाळीस-पन्नास बायका एका सुरात त्याला मेलेल्यांतून मांडवात बसायला बोलावताना. नात लग्नाला आली तेव्हा त्यानं मला बोलावून घेतलं आणि हात जोडून म्हणाला, "एकदा जित्यांमधे घे गो मना." मी म्हटलं, "आप्पा, खोली दाखवा." तो रडला. ह्या वेळी पाणी खरं होतं, यात मला शंका नाही, आणि मी धवला जसा होता तसाच म्हटला.

त्यानंतरच्या पावसाळ्यात तो गेला. धाकट्या नातवाच्या हळदीत कुणीतरी मला हळूच विचारलं, आता आप्पांचं नाव कसं घ्यायचं. मी म्हटलं, जसं घेतो तसं. एक अक्षर बदलावं लागलं नाही.